पाठीला भोपळा आणि नुसतीच विहीर: चिनी इमर्शनचा वर्ग म्हणजे ‘इंग्रजी मिडियम’ नव्हे

अमेरिकेतल्या युटा राज्यात लेकीला चिनी इमर्शनच्या, म्हणजे निम्मा दिवस सगळं चिनीतूनच शिकवणाऱ्या, पहिलीत घातलं, तेव्हा गावाकडून सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलं. “त्यात काय एवढं? आपल्याकडची पोरं इंग्रजी मिडियमला जातातच की! घरी मराठी, शाळेत इंग्रजी. हिचं चिनी.” मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. वर्गाच्या दारातून बघितलं तर दोन्हीकडं चित्र एकच: सहा वर्षांची पोरं, आणि समोर त्यांच्या घरी कुणी बोलत नाही अशा भाषेत बोलणाऱ्या बाई. पण वर्षभर दर शुक्रवारी मदतनीस पालक म्हणून त्या वर्गात बसले. आता ही तुलना कुणी केली की मी मध्येच थांबवते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत केली तर भोगतात मुलं.

आमच्याकडं, मिरजेच्या बाजूला, विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा बांधायचे. कमरेला दोर, आणि दोराचं टोक काठावरच्या काकाच्या हातात. भोपळ्याशिवाय ढकललेलं पोरही कधीकधी पोहायला शिकतं. पण नाकातोंडात पाणी जातं, आणि काही जण पुन्हा जन्मात विहिरीच्या काठाला जात नाहीत. पाणी तेच, खोली तीच. भाषाशिक्षणात पहिल्या प्रकाराला इमर्शन म्हणतात आणि दुसऱ्याला सबमर्शन. आपण ज्याला सरसकट ‘मिडियम’ म्हणतो, त्यात बहुतेक वेळा दुसरा प्रकार असतो.

आधी आमच्या वर्गाची घडी सांगते. युटानं 2008 मध्ये कायदा करून सरकारी शाळांत अशा वर्गांना सुरुवात केली. तेव्हाचे गव्हर्नर जॉन हंट्समन स्वतः मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलणारे. पद्धत निम्म्या-निम्म्या दिवसाची आहे: दोन खोल्या, दोन शिक्षिका, मुलांचे दोन गट, आणि दुपारी अदलाबदल. आमची लेक सकाळी चिनी खोलीत असते, जेवणानंतर इंग्रजी खोलीत. पहिल्या तीन इयत्तांत गणितसुद्धा चिनीतून. म्हणजे चिनी हा वेळापत्रकातला ‘विषय’ नाही. चिनीतून बेरीज शिकायची, बी कसं रुजतं ते शिकायचं, आणि भांडण झालं तर तेही चिनीत मिटवायचं.

रोजची सुरुवात कॅलेंडरच्या फळ्यापासून होते. बाई, मुलं त्यांना ‘लाओशी’ म्हणतात, विचारतात, “चिनथ्येन शिंगछी ची?” आज कोणता वार? सोमवारी उत्तर: “शिंगछी ई.” आठवड्यातला एक. मंगळवार म्हणजे आठवड्यातला दोन, शुक्रवार पाच. रविवारचं नाव तेवढं वेगळं. आपले वार ग्रहांवरून आलेले, इंग्रजीतले निम्मेअधिक जुन्या देवांवरून. सहा वर्षांच्या मुलाला ते निव्वळ पाठ करावे लागतात. चिनीत पाचपर्यंत मोजता आलं की शाळेचा अख्खा आठवडा हातात येतो. लाओशी हे एकदा समजावून मोकळ्या होत नाहीत. तोच प्रश्न, तोच हातवारा, तीच काठी फळ्यावर, वर्षाचे 180 दिवस. पहिल्या पंधरवड्यात अर्धी मुलं नुसती बघत बसलेली असतात आणि त्यांना कुणी टोकत नाही. हा पहिला भोपळा: ठरलेला, रोजचा, घाई नसलेला क्रम.

आकड्यांचंही तसंच, आणि इथं मराठी माणसानं जरा थांबून बघावं. चिनीत अकरा म्हणजे ‘दहा-एक’, पंचवीस म्हणजे ‘दोन-दहा-पाच’, एकोणतीस म्हणजे ‘दोन-दहा-नऊ’. दहापर्यंतचे आकडे आले की नव्याण्णवपर्यंत वाट मोकळी, आणि एकक-दशक ही गोष्ट शब्दातच ऐकू येते. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? वाद विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना जोडाक्षरी संख्यानामं जड जातात. तेव्हा मीही त्या बदलावर नाराज होते. लेकीला पहिलीच्या दुसऱ्या महिन्यात न अडखळता ‘आठ-दहा-सात’ म्हणताना ऐकलं, आणि नारळीकर बाईंचं म्हणणं मला पटलं.

अक्षरांची एक सकाळ तर मी विसरणार नाही. लाओशींनी फळ्यावर दोन रेघांचं अक्षर काढलं: पाय फाकून उभा असलेला माणूस. त्याच्यावर एक आडवी रेघ दिली. हात पसरले, अर्थ झाला ‘मोठा’. त्याच्याही डोक्यावर आणखी एक रेघ. अर्थ झाला ‘आकाश’, आणि ‘दिवस’सुद्धा. ‘चिनथ्येन’मधला ‘थ्येन’ तो हाच. एका मुलानं ओरडून इंग्रजीत सांगितलं की हा शब्द आपण रोज सकाळी म्हणतो! लाओशी इंग्रजीत बोलल्या नाहीत, पण त्याचं म्हणणं त्यांना पूर्ण कळलं होतं. त्यांनी टाळी दिली आणि त्याचंच वाक्य चिनीत सावकाश म्हणून दाखवलं.

हा दुसरा भोपळा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: बाईंना मुलांची भाषा कळते. त्या ती वर्गात बोलत नाहीत, पण पोर काय म्हणतंय हे त्यांना समजतं. दिवाळीच्या सुमारास आमच्या लेकीचा दात पडला. ती रडवेली होऊन इंग्रजीत सांगायला गेली. लाओशींनी स्वतःच्या दातावर बोट ठेवलं, हात खाली पडल्यासारखा केला आणि म्हणाल्या, “या त्याव ल.” दात पडला. अख्खा वर्ग म्हणाला, “या त्याव ल!” त्या आठवड्यात आमच्या घरात चमचा पडला तरी ‘त्याव ल’ होत होतं.

आता माझी विहीर. मी पाचवीत मराठी शाळेतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेले. पहिल्या आठवड्यात लघवीला जायचं होतं आणि वाक्य येत नव्हतं. मराठीत विचारलं तर दंड होता. मी विचारलंच नाही. पुढं काय झालं ते सांगायला नको. बाई दुष्ट नव्हत्या; त्यांना शिकवलेलंच तसं होतं. वर्गात निम्म्या मुलांना बालवाडीपासूनचं इंग्रजी येत होतं, धडे त्यांच्या वेगानं चालायचे, आणि आम्ही मागच्या बाकावर फळ्यावरचं चित्रासारखं उतरवून घ्यायचो. वर्षभरात मला इंग्रजी थोडं आलं. विज्ञान मात्र त्या वर्षी मला अजिबात आलं नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

फरक कुठं आहे ते या दोन प्रसंगांत दिसतं. इमर्शनच्या वर्गात कुणालाच भाषा येत नाही, हे शाळेनं धरून चाललेलं असतं. सगळ्यांच्या पाठीला भोपळा. सबमर्शनमध्ये वर्ग ज्यांना येतं त्यांच्यासाठी चालतो, न येणारा त्यात एकटा पडतो. आणि दुसरं म्हणजे इमर्शनमध्ये मुलाची आधीची भाषा शत्रू नसते. दुपारी ती दुसऱ्या खोलीत त्याची वाट बघत असते, तिच्यातून वाचन शिकवलं जातं. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी याला भर घालणारी आणि वजा करणारी द्विभाषिकता अशी नावं दिली. त्यांनी हे पुस्तकात बसून सुचवलं नव्हतं. 1965 मध्ये कॅनडातल्या माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी हट्ट धरून बालवर्ग फ्रेंचमधून सुरू करून घेतला, त्या मुलांचा अभ्यास लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केला. आजचे इमर्शनचे वर्ग त्याच बालवर्गाची नातवंडं.

दोन्ही विहिरी एकाच शहरात बघायच्या असतील तर सॅन फ्रान्सिस्को बघावं. तिथं इंग्रजी न येणारी चिनी मुलं थेट इंग्रजी वर्गांत बसवली होती, आणि सुमारे 1,800 मुलांना भाषेची कसलीही जास्तीची मदत नव्हती. पालक कोर्टात गेले. 1974 मध्ये ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी शिक्षणाचं दार बंदच असतं. आणि त्याच शहरात 1981 मध्ये देशातली पहिली मँडरिन इमर्शन शाळा सुरू झाली. चिनी मूल इंग्रजीत बुडत होतं तिथं सात वर्षांनी इंग्रजी मूल चिनीत पोहायला शिकू लागलं. मला हा इतिहास वाचून आनंद आणि राग एकदमच येतो.

निकाल काय लागतो, हे पालक म्हणून विचारायलाच हवं. अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहरात इमर्शनच्या जागा सोडतीनं दिल्या जातात, त्यामुळं सोडत लागलेली आणि न लागलेली मुलं शेजारी ठेवून बघता आली. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना इमर्शनमधली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिने आणि आठवीत नऊ महिने पुढं दिसली. निम्मा दिवस दुसऱ्या भाषेत घालवूनही गणित-विज्ञानात ती मागं पडली नव्हती.

पण पोहायला शिकणं म्हणजे मासा होणं नव्हे, हेही सांगायला हवं. इमर्शनच्या मुलांना ऐकलेलं भराभर कळतं. बोलण्यात मात्र चुका रेंगाळतात. कॅनडात भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये हेच मांडलं: नुसतं ऐकून पुरत नाही, बोलायला भाग पाडावं लागतं. आमच्या वर्गातही घंटा झाली की मैदानावर सगळं इंग्रजी. कागद मागताना ‘ई चांग ची’ म्हणायचं असतं, म्हणजे आपलं ‘एक ताव कागद’. मुलं मधला ‘ताव’ गाळतात. मोजताना पुस्तकाला असा वेगळा शब्द, मांजराला वेगळा, माशाला वेगळा. लाओशी कागद हातात धरून थांबतात, ‘चांग’ आल्याशिवाय सोडत नाहीत. हा धीर मला फार आवडतो. (एक गंमत: ‘सुप्रभात’साठीच्या चिनी शब्दातला पहिला उच्चार ‘चमचा’तल्या ‘च’चा आहे. अमेरिकी मुलांची जीभ तिथं अडते, मराठी मुलांची नाही.)

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी धरावी. आपण इंग्रजीच्या विहिरीबद्दल बोलतो, पण मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी, गडचिरोलीतल्या गोंडी किंवा माडिया मुलासाठी, नंदुरबारमधल्या भिली-पावरी मुलासाठी पहिलीचं मराठी पुस्तक हीच विहीर आहे. तिथं बाईंना मुलाची भाषा येते का, हा एकच प्रश्न विचारून बघा. ज्या शाळेत तो भोपळा आहे तिथली पोरं बोलकी असतात, हे तिकडं काम करणारे शिक्षकच सांगतात. आणि आपल्या शहरातली शाळा स्वतःला इमर्शन म्हणवत असेल तरी तेच विचारा: न येणाऱ्यांसाठी धडा वेगळा आखलाय का? घरच्या भाषेत उत्तर दिलं तर चालतं का? घरच्या भाषेला शाळेत कुठं जागा आहे?

शेवटचा प्रश्न मला स्वतःलाच लागला. युटाची घडी धरून चालते की घरची भाषा इंग्रजी आहे, म्हणून दुपारची खोली इंग्रजी. आमच्या घरची भाषा मराठी. तिला त्या दोन खोल्यांत कुठंच कोपरा नाही. म्हणजे शेजारच्या अमेरिकी मुलासाठी जो वर्ग भर घालणारा आहे, तोच माझ्या लेकीच्या मराठीतून वजा करू शकतो. चूक शाळेची नाही. तिनं एवढंच वचन दिलं होतं. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा आहेत आणि आम्ही जातोही, पण आठवड्यातून एकदाचा तास तो. रोजचा ठरलेला, घाई नसलेला क्रम घरालाच लावावा लागतो. आमच्याकडं तो सकाळी साडेसातला असतो, मिरजेत तेव्हा संध्याकाळ झालेली असते: आजीचा व्हिडिओ कॉल, आणि फ्रिजवरचं कॅलेंडर.

परवा आजीनं विचारलं, आज तारीख किती? लेक म्हणाली, “वीस नऊ.”

“एकोणतीस,” आजी म्हणाली.

“एकोण म्हणजे काय?”

“एक कमी. तिसाला एक कमी.”

“का कमी?”

आजी उठून आत गेली. चिंचोक्यांची पिशवी घेऊन आली, पाटावर दहा-दहाच्या तीन ओळी मांडल्या, फोन त्यांच्यावर धरला आणि शेवटचा चिंचोका उचलून मुठीत लपवला.