काजळी आणि नायट्रोजनच्या कात्रीत डिझेल आउटबोर्ड

अमेरिकेत डिझेल आउटबोर्डवर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायच्या डिझेल इंजिनावर, बंदी आहे, असं बोटवाले छातीठोकपणे सांगतात. तशी बंदी नाही. नियम फक्त एका किलोवॅट-तासाच्या कामामागे किती ग्रॅम प्रदूषक सोडायचं ते ठरवतो. तरीही यानमार या जपानी कंपनीची 27 आणि 36 अश्वशक्तीची डिझेल आउटबोर्ड आज नवी मिळत नाहीत.

मुळात डिझेल जळतंच विचित्र. सिलिंडरमध्ये हवा दाबून तापवायची आणि तिच्यात इंधनाचा फवारा सोडायचा. फवाऱ्याच्या गाभ्यात हवा पोचत नाही, तिथे काजळी धरते. कडेला इंधन आणि ऑक्सिजन नेमक्या प्रमाणात भेटतात आणि तापमान 2000 अंशांपलीकडे जातं. तिथे ऑक्सिजनचे सुटे अणू एरवी कशातच न पडणाऱ्या नायट्रोजनच्या रेणूवर आदळतात. एक नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, एक नायट्रोजन अणू मोकळा पडतो. तो ऑक्सिजनच्या रेणूतला एक अणू पळवून दुसरा नायट्रिक ऑक्साइड बनवतो. उरलेला ऑक्सिजन अणू पुढच्या नायट्रोजनला गाठतो. ही झेल्दोविच या शास्त्रज्ञाच्या नावाची साखळी. तापमान जरा उतरलं की ती झपाट्याने मंदावते. म्हणून नायट्रोजन ऑक्साइडचं प्रदूषण कमी करायचं तर इंधन उशिरा सोडा, किंवा थोडा धूर गार करून परत आत घ्या. पण मग काजळी जाळून टाकायला लागणारी उष्णताही जाते. एक कमी केलं की दुसरं वाढतं.

ट्रकला काजळीची गाळणी आणि नायट्रोजन ऑक्साइड मोडणाऱ्या युरियाची टाकी जोडता येते. आउटबोर्ड बोटीच्या मागच्या फळीवर टांगलेलं. धूर समुद्राच्या पाण्यात मिसळून पंख्याजवळ बाहेर पडतो. गाळणी बसवणार कुठे?

वर मोजपट्ट्याही दोन. अमेरिकेत 50 किलोवॅटच्या पेट्रोल आउटबोर्डला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून 17 ग्रॅमच्या आसपास मुभा आहे. तेवढ्याच शक्तीच्या डिझेल इंजिनाला 4.7 ग्रॅम, शिवाय काजळीची वेगळी मर्यादा. मला हा फरक अन्यायाचा वाटतो. प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्यांचा खर्च मोजक्या इंजिनांवर वसूल करायचा, म्हणजे छोटं मॉडेल परवडतच नाही.

मग उरतात ती दांडगी इंजिनं. इंग्लंडच्या कॉक्स कंपनीचं 300 अश्वशक्तीचं व्ही-8 नियमांत बसतं, पण वजन सुमारे 390 किलो. पेटण्याच्या धोक्यामुळे पेट्रोल जवळ नको असलेल्या नौदलांना, बचाव पथकांना हे इंजिन चालतं. लहान होडीची मागची फळी ते पेलणार नाही. कोकणातल्या ट्रॉलरना ही अडचण येत नाही, त्यांचं डिझेल इंजिन बोटीच्या पोटातच असतं.