डोळ्यातला गोळा आणि तोंडातला गोळा: चंद्रावरच्या दोन जुन्या मूकपटांची गल्लत

चंद्राच्या हसऱ्या चेहऱ्यावर, नेमका डोळ्यात रुतलेला तोफगोळा. सिनेमाच्या इतिहासाविषयी काहीही वाचलेलं नसलं तरी हे चित्र माणसाने कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. ते आहे जॉर्ज मेलिएस यांच्या १९०२ सालच्या ‘ल व्वायाज दां ला ल्यून’, म्हणजे ‘चंद्राची सफर’ या मूकपटातलं. अडचण अशी की १९०८ साली फ्रान्समध्येच जवळपास याच नावाचा, याच गोष्टीचा आणखी एक मूकपट निघाला: सेगुंदो दे चोमॉन यांचा ‘एक्सकुर्सिओं दां ला ल्यून’. त्यातही पंडित मंडळी आहेत, त्यांना घेऊन जाणारा गोळा आहे, चंद्राला माणसाचा चेहरा आहे, चंद्रावर राहणारे लोक आणि त्यांचा राजाही आहे. इंटरनेटवर दोघांची छायाचित्रं एकमेकांच्या नावावर सहज खपतात. दोन्ही चित्रपट विनोदी, दोन्ही रंगीत प्रतीत पाहायला मिळतात, दोन्हींतले नट रंगभूमीवर वावरावं तसे वावरतात. तेव्हा घोटाळा होणं साहजिक आहे. तरीही हे दोन चित्रपट एक नव्हेत, आणि दुसरा पहिल्याची नुसती नक्कल आहे असं म्हणून सोडून देण्यातही फारसा अर्थ नाही.

झटपट ओळखायचं असेल तर गोळा कुठे पडतो ते पाहावं. मेलिएस यांच्या चंद्राला तो डोळ्यात लागतो. चोमॉन यांचा चंद्र तोंड उघडतो आणि गोळा गिळून टाकतो. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात राहिलं की पुरे.

पण या एका बदलात दोन दिग्दर्शकांचा स्वभाव उतरला आहे, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. डोळ्यात गोळा लागणं म्हणजे इजा. चंद्र कळवळतो, त्याच्या डोळ्यातून काहीतरी ओघळतं, आणि आपण हसतो. त्या हसण्यात थोडी टोचणी आहे, कारण पाहुणे म्हणून आलेल्यांनी यजमानाचा डोळाच फोडलेला असतो. गिळण्यात ही टोचणी नाही. तिथे चंद्रच वरचढ ठरतो आणि विनोद लहान मुलांच्या गोष्टीतला होतो. माझ्या मते मेलिएस यांच्या चित्रपटाचा सगळा कस त्या टोचणीत आहे.

मेलिएस (१८६१ ते १९३८) मुळात जादूगार. पॅरिसमधलं ‘रोबेर-ऊदँ’ हे जादूच्या प्रयोगांचं नाट्यगृह त्यांनी १८८८ साली विकत घेतलं होतं. मात्र त्यांची आणखी एक बाजू सहसा कोणी सांगत नाही. १८८९ च्या सुमाराला त्यांनी ‘जेओ स्माइल’ या टोपणनावाने एका नियतकालिकात राजकीय व्यंगचित्रं काढली होती. निशाण्यावर होते जनरल बुलांजे, युद्धज्वर पेटवून सत्तेच्या जवळ पोचलेले लोकप्रिय सेनानी. हे माहीत असलं की ‘चंद्राची सफर’ वेगळीच दिसायला लागते. पहिल्याच दृश्यात खगोलशास्त्रज्ञ येतात ते जादूगारांचे झगे आणि उंच टोकदार टोप्या घालून. त्यांच्या हातातल्या दुर्बिणी बघता बघता बसायची स्टुलं होतात. अध्यक्ष बार्बनफुई (ही भूमिका खुद्द मेलिएस यांची) चंद्रावर जायची योजना फळ्यावर मांडतात. एक जण विरोध करतो, तर अध्यक्षमहाराज युक्तिवाद करण्याऐवजी त्याच्या अंगावर कागद फेकतात.

चंद्रावर पोचल्यावर ही मंडळी काय करतात? क्षितिजावर उगवणारी पृथ्वी डोळे भरून पाहतात आणि दमलेली असल्यामुळे पांघरूण घेऊन झोपतात. पुढे गुहेत शिरतात, तिथे अध्यक्षांनी जमिनीत रोवलेली छत्री मशरूम होऊन वाढायला लागते. मग चंद्रवासी येतात. त्यांना छत्रीचा फटका बसला की ते धुराचा लोट होऊन नाहीसे होतात. पाहुणे पकडले जातात, राजापुढे उभे केले जातात, आणि बार्बनफुई राजाला सिंहासनावरून उचलून आपटतात. राजाचाही धूर! पळापळ होते, गोळा चंद्राच्या कड्यावरून खाली पडतो, समुद्रात बुडून वर येतो आणि एक जहाज त्याला ओढून बंदरात आणतं. शेवटी मिरवणूक निघते, चंद्राच्या आकाराची पदकं वाटली जातात, चंद्रावर पाय ठेवलेला बार्बनफुईंचा पुतळा उभा राहतो. आणि गोळ्याला लटकून पृथ्वीवर आलेल्या एका चंद्रवासीला गर्दीसमोर काठीने मारून नाचवलं जातं.

तो नाचणारा कैदी काही सेकंदच दिसतो, पण मला तो विसरता येत नाही. युरोपातली राष्ट्रं आफ्रिकेत आणि आशियात वसाहती वाढवत होती आणि तिथली माणसं प्रदर्शनांत आणून उभी करत होती, त्याच काळातला हा चित्रपट. अनेक अभ्यासकांनी त्यात वसाहतवादाची टिंगल वाचली आहे. काहींना ते जास्त ताणल्यासारखं वाटतं. बुलांजेंची व्यंगचित्रं काढणाऱ्या माणसाने तो पुतळा आणि ती पदकं भाबडेपणाने रंगवली असतील, हे मला पटत नाही.

आता चोमॉन. जन्म १८७१, स्पेनमधल्या अरागॉन प्रांतातल्या तेरुएल गावचा. बार्सिलोनात ते ‘पाथे’ या फ्रेंच कंपनीसाठी चित्रपट रंगवण्याचं काम करत. १९०५ च्या सुमाराला ते पॅरिसला, पाथेच्या मुख्य ठिकाणीच गेले. पाथेला त्यांच्याकडून काय हवं होतं हे उघड होतं: मेलिएस यांच्यासारखे जादूचे चित्रपट, पण पाथेच्या नावावर आणि पाथेच्या वेगाने. ‘एक्सकुर्सिओं दां ला ल्यून’ त्यातूनच आला. मेलिएस यांच्या चित्रपटाच्या प्रती त्या काळी प्रक्षेपक चालवायच्या वेगाप्रमाणे तेरा ते सोळा मिनिटं चालत. चोमॉन यांनी गोष्ट साधारण सात मिनिटांत आटोपली.

इतकं छाटल्यावर काहीतरी सुटणारच. मेलिएस यांची पंडितांवरची बारीक टवाळी इथे पातळ होते आणि तिच्या जागी नाच येतो. चंद्रावरच्या तरुणी येतात, त्यांचं नृत्य होतं, आणि प्रवाशांपैकी एकाचा त्यातल्या एकीवर जीव जडतो. तो तिला पृथ्वीवर घेऊन येतो. पहिल्या चित्रपटात चंद्रावरून आणला जातो तो काठीने नाचवायचा कैदी, दुसऱ्यात येते ती प्रेयसी. गोष्टीचा सांगाडा तोच, पण तिचं मन पार बदललं. दुसरा चित्रपट दिसायला सुरेख आहे, नाचाची रचना नीटनेटकी आहे, पण पाहून झाल्यावर त्यातलं फारसं काही मनात घोळत राहत नाही.

तंत्राच्या बाजूने एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. मेलिएस यांच्या चित्रपटात चंद्र हळूहळू मोठा होत जवळ येतो तेव्हा कॅमेरा पुढे सरकला असं वाटतं. प्रत्यक्षात कॅमेरा जागचा हलत नव्हता. चेहरा रंगवलेल्या कलाकाराला खुर्चीत बसवून, बाकीचं अंग काळ्या कापडाने झाकून, ती खुर्ची उतारावरून कॅमेऱ्याकडे ओढत आणली जाई. असं केलं की चेहरा पडद्यावर किती मोठा दिसायचा ते नेमकं ठरवता येई. मग चित्रीकरण थांबवायचं, गोळा डोळ्यात बसवायचा, पुन्हा सुरू करायचं, आणि जोड नीट जुळावी म्हणून नंतर फिल्म कात्रीने कापून चिकटवायची. चंद्रवासींचा धूरही याच युक्तीने होतो: नट बाजूला, त्याच्या जागी धूर. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीही अशाच ट्रिक फोटोग्राफीवर प्रभुत्व मिळवलं होतं, आणि योगायोग म्हणजे तेही जादूचे प्रयोग करत, आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’ मधलं कंसाचं धडावेगळं होऊन वर जाणारं शिर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मेलिएस यांची भाषा लगेच कळेल.

आणखी एक गंमत मेलिएस यांच्याच चित्रपटात आहे. गोळा डोळ्यात लागल्याचं दाखवून झाल्यावर पुढच्या दृश्यात तोच गोळा चंद्राच्या पठारावर पुन्हा उतरताना दिसतो. एकच घटना दोनदा! आजच्या संकलकाने ही चूक मानली असती. तेव्हाच्या प्रेक्षकाला आधी चंद्राच्या बाजूने आणि मग प्रवाशांच्या बाजूने पाहायला मिळालं, एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यात जास्त गोंधळ रंगामुळे होतो. बरेच जण धरून चालतात की रंगीत आहे तो नंतरचा, म्हणजे चोमॉन यांचा. तसं नाही. मेलिएस यांच्या चित्रपटाच्या काही प्रती त्याच काळी हाताने रंगवून विकल्या जात. पॅरिसमध्ये एलिझाबेत त्युइलिए यांच्या कारखान्यात बायका कुंचल्याने फ्रेमवर रंग भरत, प्रत्येकीकडे एकच रंग, असं काम चाले. पुढे ‘चंद्राची सफर’ ची एकही रंगीत प्रत उरली नाही अशी समजूत झाली होती. १९९३ साली बार्सिलोनाच्या फिल्म संग्रहालयाकडे एका अनामिक संग्राहकाकडून आलेल्या चित्रपटांत ती सापडली. नायट्रेट फिल्म चिकटून रिळाचा घट्ट गोळा झाला होता. पॅरिसच्या ‘लोब्स्टर फिल्म्स’ ने तो कित्येक वर्षं जपून सोडवला, एकेक फ्रेम वाचवली, आणि २०११ साली कान महोत्सवात हा चित्रपट पुन्हा रंगांत दिसला. त्यात एका झेंड्याला स्पेनच्या झेंड्याचे लाल-पिवळे रंग दिले आहेत, म्हणजे ती प्रत स्पेनमधल्या प्रेक्षकांसाठी रंगवली असणार. बार्सिलोना, स्पेनचा झेंडा आणि स्पॅनिश दिग्दर्शक हे तिन्ही धागे जोडून हा चित्रपट चोमॉन यांच्या खात्यावर टाकला जात असेल तर नवल नाही. पण प्रत स्पेनसाठी असली तरी चित्रपट मेलिएस यांचाच.

पाथेची रंगवायची पद्धत निराळी होती. तिथे एका प्रतीवरून प्रत्येक रंगासाठी स्टेन्सिल कापत आणि त्यातून यंत्राच्या मदतीने रंग भरत. त्यामुळे रंग ठरल्या रेषेत बसतो आणि एकाच चित्रपटाच्या पुष्कळ प्रती एकसारख्या निघतात. हाताने रंगवलेल्या फिल्ममध्ये रंग फ्रेमगणिक थरथरतो, कडेबाहेर सांडतो. डोळा एकदा सरावला की दोन चित्रपटांमधला फरक चंद्राचं तोंड दिसायच्या आधीच कळायला लागतो.

नक्कल या शब्दाखाली तेव्हा दोन निरनिराळे उद्योग चालत, तेही सरमिसळ करू नयेत. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने, शिवाय लुबिन आणि सेलिग या निर्मात्यांनी, मेलिएस यांच्याच फिल्मवरून प्रती छापून विकल्या. ती सरळ चोरी होती, मेलिएस यांना त्यातून छदाम मिळाला नाही, आणि तिला आळा घालायला त्यांचे बंधू गास्तों यांनी १९०३ साली न्यूयॉर्कला कचेरी उघडली. आपला माल ओळखू यावा म्हणून मेलिएस काही चित्रपटांच्या नेपथ्यातच आपल्या ‘स्टार फिल्म’ कंपनीचा तारा रंगवत. पाथेही आपलं बोधचिन्ह असलेला कोंबडा तसाच सेटवर लावत असे. चोमॉन यांचं काम या चोरीत बसत नाही. त्यांनी गोष्ट उचलली, पण नवे नट घेतले, नवं नेपथ्य उभं केलं आणि सगळं नव्याने चित्रित केलं.

मेलिएस यांचं पुढे काय झालं ते वाचताना मात्र पाथेवरचा राग आवरत नाही. १९०२ चा चित्रपट काढायला तीन महिने आणि त्यांच्याच सांगण्यानुसार दहा हजार फ्रँक लागले होते. ते सगळं एकट्याने बघत: नेपथ्य, वेश, भूमिका, दिग्दर्शन. प्रती ते विकत. पाथेने १९०७ पासून प्रती भाड्याने देण्याची पद्धत आणली आणि धंद्याचं गणितच बदललं. १९११ साली मेलिएस यांनी त्याच पाथेकडून पैसे घेऊन चित्रपट काढायचं मान्य केलं आणि त्यासाठी पॅरिसजवळच्या मोंत्रुईमधली, स्टुडिओ असलेली मालमत्ता तारण ठेवली. चित्रपट चालले नाहीत. १९२३ साली त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्या निगेटिव्ह जाळल्या, आणि नंतरची काही वर्षं पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवर खेळणी विकत काढली.

चोमॉन यांना फक्त ‘एक्सकुर्सिओं’ वरून जोखणं मात्र त्यांच्यावर अन्याय आहे. इटलीत तुरिनला जाऊन त्यांनी ‘काबिरिया’ (१९१४) या मूकपटाच्या फिरत्या कॅमेऱ्याला आणि ट्रिक दृश्यांना हातभार लावला, आणि फ्रेंच दिग्दर्शक आबेल गांस यांच्या १९२७ च्या ‘नेपोलियन’ मध्येही त्यांचं काम आहे. त्यांची खरी चमक पाहायची तर चंद्रावर न जाता त्याच १९०८ सालचा ‘एल होटेल एलेक्ट्रिको’ पाहावा. हॉटेलात एक जोडपं येतं, सामान आपोआप खोलीत जातं, ब्रश बाईंचे केस विंचरतो, वस्तरा साहेबांची दाढी करतो. सगळं एकेक फ्रेम थांबवून, वस्तू थोडी थोडी सरकवत टिपलेलं. त्यातल्या जोडप्याच्या भूमिका चोमॉन आणि त्यांच्या पत्नी जुलियेन मातिये यांनीच केल्या आहेत, आणि तिथे ते कोणाचीही नक्कल करत नाहीत.