रोजचं वचन आणि नवा संदेश

१९ सप्टेंबर २०२४ला व्हॅटिकनने मेदजुगोर्येबद्दलचं टिपण प्रसिद्ध केलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर एकच मजकूर चार गटांतून येऊन पडला: ‘मेदजुगोर्येच्या दर्शनाला चर्चची मान्यता!’ बोस्निया-हर्झेगोव्हिनातल्या या गावात २४ जून १९८१पासून सहा जणांना पवित्र मरियेचं दर्शन होतं, असं ते सांगत आले आहेत. व्हॅटिकन मात्र एवढंच म्हणालं होतं की तिथल्या भक्तीला आडकाठी नाही. दर्शन खरोखर दैवी आहे, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. उलट, त्यावर विश्वास ठेवणं कोणालाही बंधनकारक नाही, हे स्पष्ट सांगितलेलं होतं.

हा फरक काही काल-परवाचा नाही. पण तो नीट कळायचा तर कॅथलिकांनी शास्त्रवचन कसं वाचलं, याचीही गोष्ट सोबत ठेवावी लागते. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच भुकेच्या आहेत.

लॅटिनमध्ये ‘लेक्सिओ दिव्हिना’ म्हणजे दैवी वाचन. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिले, त्यातल्या ४८व्या प्रकरणात हाताच्या कामाचे तास आणि वाचनाचे तास वाटून दिले आहेत. उपवासकाळ सुरू झाला की प्रत्येकाने ग्रंथालयातून एक ग्रंथ घ्यायचा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा. वाचनाच्या वेळी एक-दोन वडीलधारे साधू मठभर फिरत, कोणी आळसात किंवा गप्पांत वेळ घालवत नाही ना, हे बघायला. वाचायचं म्हणजे ओठ हलवत, स्वतःला ऐकू येईल असं. पहिल्या स्तोत्रात धार्मिक माणूस रात्रंदिवस परमेश्वराच्या नियमशास्त्राचं ‘मनन’ करतो असं आपण वाचतो. तिथला हिब्रू शब्द पुटपुटण्याचा आहे, सिंहाच्या गुरगुरण्यालाही तोच वापरलेला आहे. मठवासी याला ‘रुमिनात्सिओ’ म्हणत. मराठीत शब्द शोधावाच लागत नाही: रवंथ.

बाराव्या शतकात फ्रान्सच्या डोंगरातल्या ग्रांद शार्त्रूझ मठाचे प्रमुख दुसरे ग्विगो यांनी या सवयीला चार पायऱ्या दिल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. उदाहरणाला त्यांनी एकच वचन घेतलं, ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील.’ हे वचन म्हणजे तोंडात टाकलेलं द्राक्ष, असं ते म्हणतात. वाचन ते तोंडात ठेवतं, मनन ते चावतं, प्रार्थनेला त्याची चव लागते, आणि चिंतन म्हणजे तो गोडवाच. मग ते शब्दाला शब्द तपासत बसतात: ‘शरीराचे शुद्ध’ का म्हटलं नाही? हात निर्मळ असून भागत नाही का? एका ओळीवर माणूस किती वेळ थांबू शकतो, ते यात दिसतं. शेवटची पायरी मात्र आपल्या हातात नाही, ती देवाची देणगी आहे, असं ते बजावतात.

पण हे सगळं मठाच्या भिंतीआड. बाहेरच्या शेतकऱ्याला लॅटिन कुठून येणार? रोमच्या १५६४च्या नियमांनी तर लोकभाषेतलं बायबल वाचायला परवानगी लागेल असं ठरवलं. सामान्य माणसाकडे उरली जपमाळ, क्रूसाची वाट, भिंतीवरची चित्रं आणि सण. आपल्याकडे याला एक सुंदर अपवाद झाला. १६१६मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या. बायबल हाती नव्हतं, पण त्यातली कथा लोकांच्या तोंडी बसली. ओवी घोळवणं हा रवंथच की! आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १६१९मध्ये, जुन्या गोव्यात टेकडीवरच्या एका क्रूसावर ख्रिस्ताचं दर्शन झाल्याचं लोकांनी सांगितलं. तो क्रूस आज से कॅथेड्रलमध्ये आहे. तीन वर्षांच्या अंतरातली ही जवळीक मला महत्त्वाची वाटते.

दर्शनांबाबत चर्चने हात आखडता ठेवला तो याच्याही आधीपासून. १५१६मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने (म्हणजे चर्चच्या बिशपांच्या सभेने) नव्या भविष्यवाण्या परस्पर सांगायला मनाई केली. १५६३मध्ये ट्रेंट परिषदेने नवे चमत्कार बिशपांच्या तपासाशिवाय मान्य करू नयेत असं ठरवलं. स्वतः उच्च कोटीचे साधक असलेले क्रूसभक्त संत योहान सगळ्यात कडक बोलले: देवाने आपल्या पुत्रात सगळं एकदाच सांगून टाकलं आहे, आता आणखी दर्शन मागणं म्हणजे त्या पुत्रावरची नजर काढून घेणं. अठराव्या शतकात प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी (पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट) यांनी नियम शब्दांत बसवला. खाजगी प्रकटीकरणाला, म्हणजे एखाद्याला झालेल्या दर्शनाला किंवा मिळालेल्या संदेशाला, मिळालेली मान्यता म्हणजे परवानगी. त्यावर ठेवायचा तो शहाणपणाने ठेवलेला मानवी विश्वास, श्रद्धेचं बंधन नव्हे.

फ्रान्समधलं लूर्द इथेच येतं. १८५८मध्ये चौदा वर्षांची बर्नादेत सुबिरू, धड वाचता न येणारी, फ्रेंचही जेमतेम, घरची बोली गास्कोन. ११ फेब्रुवारीपासून अठरा वेळा एका स्त्रीचं दर्शन झालं असं तिने सांगितलं. २५ मार्चला त्या स्त्रीने आपली ओळख दिली: ‘मी निष्कलंक गर्भसंभव आहे.’ म्हणजे गर्भात आल्यापासूनच मूळपापाचा डाग नसलेली मरिया. बर्नादेतला या शब्दांचा अर्थ कळला नाही. विसरू नयेत म्हणून ती धर्मगुरूंच्या घरापर्यंतची सगळी वाट ते शब्द पुटपुटत गेली. मठातला साधू जे वर्षानुवर्षं करायचा ते ही गिरणीवाल्याची मुलगी रस्त्याने धावताना करत होती. बिशपांनी चौकशी समिती नेमली आणि निर्णय दिला तो १८ जानेवारी १८६२ला, जवळजवळ साडेतीन वर्षांच्या तपासानंतर.

पोलंडच्या सिस्टर फाउस्तिना यांची वाट याहून खडतर. शिक्षण जेमतेम तीन वर्षांचं. २२ फेब्रुवारी १९३१ला प्वोत्स्कच्या मठात येशूने आपलं चित्र काढून घ्यायला सांगितलं, असं त्यांनी रोजनिशीत लिहिलं. तेहतिसाव्या वर्षी, १९३८मध्ये, त्या गेल्या. ६ मार्च १९५९ला रोमने त्यांच्या लिखाणाच्या आणि त्या स्वरूपातल्या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली. हाती होती ती सदोष भाषांतरं, मूळ कागद पोलंडात अडकलेले. मूळ तपासल्यावर १५ एप्रिल १९७८ला बंदी उठली. ३० एप्रिल २०००ला त्या संत जाहीर झाल्या. त्यांच्या रोजनिशीतून आलेली दैवी करुणेची जपमाळ दुपारी तीनला म्हणणाऱ्या आपल्या घरांतल्या किती जणांना ही एकोणीस वर्षांची बंदी ठाऊक असेल? ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं. थांबून तपासलं म्हणून भक्तीचं काही बिघडलं नाही.

१८ नोव्हेंबर १९६५ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात दोन गोष्टी एकत्र सांगितल्या: ख्रिस्ताच्या पुनरागमनापर्यंत नवं सार्वजनिक प्रकटीकरण होणार नाही, आणि बायबल सगळ्या भाविकांनी वाचावं. म्हणजे मठाचं दार उघडलं. पुढच्याच वर्षी दर्शनांविषयीची पुस्तकं पूर्वपरवानगीशिवाय छापायची बंदीही उठली, म्हणजे दुसरं दारही उघडलं. पुढे दोन्ही प्रवाह दुथडी भरून वाहिले. १९८०मध्ये मिलानचे आर्चबिशप कार्लो मारिया मार्तिनी यांनी कॅथेड्रलमध्ये तरुणांसाठी दैवी वाचन सुरू केलं, आणि हजारो मुलं एका उताऱ्यासाठी शांत बसू लागली. त्याच्या पुढच्या वर्षी मेदजुगोर्ये.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१०च्या ‘व्हर्बुम दोमिनी’ या दस्तऐवजात दोन्हींबद्दल लिहिलं. ग्विगोंच्या चार पायऱ्यांपुढे त्यांनी कृतीही ठेवली. खाजगी प्रकटीकरणाला त्यांनी मदत म्हटलं, घेतलीच पाहिजे अशी नव्हे. ते ख्रिस्ताकडे नेतं का, हीच त्याची कसोटी. त्याच वर्षी वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ मराठीत आलं. दैवी वाचनाला आधी वाचता येईल असं पान लागतं, ते आपल्याला तेव्हा सोप्या मराठीत मिळालं.

मे २०२४मध्ये व्हॅटिकनने तपासणीचे नियमच बदलले. आता दर्शन दैवी असल्याची घोषणा सहसा होणार नाही. सहा प्रकारचे निष्कर्ष ठरवले आहेत, ‘आडकाठी नाही’पासून ‘दैवी नाही’पर्यंत. मेदजुगोर्येला यातला पहिला लाभला. आणि तिथल्या संदेशांचा उल्लेख करताना ते ‘कथित संदेश’ समजावेत, असंही त्या टिपणात लिहिलं आहे. माझ्या फोनवर आलेल्या चारही मजकुरांतून तेवढा एक शब्द गळला होता.