बाळाच्या डायफ्रामचा पॅच: हे मटेरियल आलं कुठून

मुंबईत आता पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतच बऱ्याचदा कळतं की बाळाच्या डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला भोक आहे आणि आतडी वर सरकलीत. ते भोक झाकायला पॅच, म्हणजे ठिगळ लावावं लागेल म्हटलं की नातेवाईकांचा ठरलेला प्रश्न, पॅच कुठल्या कंपनीचा? चांगल्यातला टाका, पैशाचं बघू. माझं मत विचाराल तर मटेरियलपेक्षा तो कापतात कसा, शिवतात कसा यावर जास्त अवलंबून आहे.

प्रागच्या बोखडालेक या शरीररचनातज्ज्ञानी १८४८ मध्ये या हर्नियाचं, म्हणजे भोकातून आतडी वर सरकण्याचं वर्णन केलं, त्याच्या नावानेच तो ओळखला जातो. १९४६ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉसनी एका दिवसाचंही नसलेल्या बाळाचं ऑपरेशन यशस्वी केलं. पुढे कित्येक वर्षं बाळ जन्मलं की धावत थिएटरमध्ये, हाच नियम. १९८० च्या दशकात हळूहळू लक्षात आलं की खरा घात अर्धवट वाढलेलं फुप्फुस करतं, भोक नव्हे, म्हणून आधी व्हेंटिलेटरवर स्थिर करा मग शिवा. झालं काय, जास्त आजारी बाळं वाचायला लागली, त्यांची भोकं मोठी, नुसती ओढून शिवता येईनात, आणि पॅचची गरज वाढली.

पण नवजात बाळासाठी म्हणून कुणी काही बनवलंच नव्हतं. मार्लेक्स ही पॉलिप्रोपिलीनची जाळी मोठ्यांच्या हर्नियातून आली, तिला आतडी चिकटायची. सिलॅस्टिक (सिलिकॉन रबर), डॅक्रॉन (पॉलिएस्टरचं कापड) पण वापरून झालं. मग गोअर-टेक्स, म्हणजे ताणलेलं टेफ्लॉन. १९६९ मध्ये बॉब गोअरनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी झटक्यात ओढली आणि ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली गेली, त्यातूनच पुढे रेनकोटचं कापड पण आलं. गुळगुळीत असल्याने आतडी फारशी चिकटत नाहीत, पण शरीराचा टिश्यूही त्यात नीट रुजत नाही, सगळा भार टाक्यांवर. त्यात बाळ वाढतं, पॅच नाही वाढत. कडा सुटते आणि हर्निया परत, मोठी भोकं असलेल्या बाळांच्या जुन्या काही अभ्यासांत तर निम्म्याच्या आसपास मुलांना.

म्हणून सपाट ताणून बसवायचं सोडून भोकापेक्षा मोठा, फुगीर पॅच लावायला लागले, काहीजण तर भेळेच्या पुड्यासारखा कोन करून शिवतात. मागे स्नायूची कडाच नसेल तर टाका बरगडीला वळसा घालून घेतात.

डुकराच्या आतड्याच्या थरापासून केलेले पॅच आले तेव्हा खूप उत्साह होता, ते विरघळणार आणि बाळाचा स्वतःचा टिश्यू तिथे येणार. कल्पना झकास, पण हर्निया परत येण्याचं प्रमाण काही अपेक्षेसारखं घटलं नाही. पोटाच्या भिंतीतला आतला स्नायू वळवून झाकायची पद्धत मला जास्त पटते, तो बाळाबरोबर वाढतो आणि शीटचा खर्चही नाही, जो इथे अनेकांना ट्रस्टकडे अर्ज करून उभा करावा लागतो. मात्र एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेरून रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर असलेल्या बाळात रक्त पातळ ठेवावं लागतं, तिथे स्नायू कापला की रक्तस्रावाची भीती.

आणि पॅच कुठलाही असो, पुढची काही वर्षं छातीचा एक्सरे काढत राहायचाच. परत आलेला हर्निया कधीकधी काहीच त्रास देत नाही, मूल खेळतं, जेवतं, आणि गावी गेलेली मंडळी म्हणतात कशाला आता परळच्या हॉस्पिटलपर्यंत फेरी.