नाशिकचा लष्करी वारसा

मराठेशाही, इंग्रजी अंमल आणि स्वातंत्र्यानंतरचा काळ या तिन्हींतील लष्करी घडामोडींचा नाशिकच्या लोकजीवनावर व राजकारणावर उमटलेला ठसा. नाशिक तीर्थक्षेत्र म्हणून ओळखले जाते, पण इथल्या देवाधर्मातही लढाया मुरलेल्या आहेत.

गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची (1747) प्रचंड घंटा मुळात पोर्तुगीज. तिच्यावर 1721 हे साल आहे. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या घंटा मराठी सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या, त्यांतली ही एक. नाशिककरांना मात्र तिची आठवण होते ती पुरात. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला, पाणी घंटेला लागले का, अशी विचारपूस सुरू होते.

सिंहस्थात हा वारसा सर्वांत ठळक दिसतो. साधूंचे आखाडे एके काळी सशस्त्र होते. वैष्णवांच्या दिगंबर, निर्वाणी व निर्मोही या गटांना आजही ‘अनी’ म्हणतात, आणि अनी म्हणजे सैन्य. 1789 च्या सिंहस्थात आधी स्नान कोणाचे यावरून शैव व वैष्णव साधूंत रक्तपात झाला. शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर स्नान करायचे, ही वाटणी त्या भांडणातून आली. बंदोबस्त, रस्ते, साधुग्राम हे सगळे सरकार आजही दोन्ही गावांसाठी वेगवेगळे आखते ते त्यामुळेच.

देवळाली ही इंग्रजांची छावणी. मायदेशी जाणारे गोरे शिपाई इथे जहाजाची वाट पाहत कंटाळून जात. वेड लागलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणतात, तो शब्द या गावाच्या नावावरूनच आला. लष्कराच्या तोफखान्याची प्रशिक्षण संस्थाही देवळालीतच आहे. सरावाचे धमाके आजूबाजूच्या खेड्यांना सवयीचे आहेत.

छावणीला लागूनच भगूर. तिथे जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी दुसऱ्या महायुद्धात हिंदू तरुणांना सैन्यभरतीचे आवाहन केले. त्याआधी, 1937 मध्ये, हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशकात भोसला सैनिकी शाळा काढली होती. हिंदुत्वाच्या राजकारणातला ‘सैनिकीकरण’ हा आग्रह नाशिकशी असा दुहेरी बांधलेला आहे, आणि त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

1962 च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे तेव्हा म्हटले गेले. लोकसभेवर ते 1963 मध्ये नाशिकमधून बिनविरोध निवडून गेले. एरवी जागा सुखासुखी न सोडणारे विरोधक त्या वेळी गप्प राहिले. पुढच्याच वर्षी नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा (एचएएल) मिग लढाऊ विमानांचा कारखाना आला आणि द्राक्षबागांच्या पट्ट्यातल्या पोरांना आयटीआय करून ‘एचएएल’ला लागण्याची वाट खुली झाली. मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये वायुदलातून निवृत्त झाले, ऑक्टोबरात ओझरहून तेजस मार्क-1ए हे नवे लढाऊ विमान उडाले. पण त्या भागाला लोक अजून ‘ओझर मिग’च म्हणतात.