प्लास्टिक पॅकिंगसाठी ईपीआर नोंदणी: कोणाला लागते, कोणती कागदपत्रे लागतात आणि अर्ज कसा भरावा

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये माल विकणाऱ्या उद्योगाला दोन वेगवेगळे कायदे पाळावे लागतात, आणि अर्जातल्या निम्म्या चुका या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे होतात. पहिला कायदा राज्याचा. २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी निघालेल्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची ताटे, एकदा वापरून फेकायचे पेले, चमचे इत्यादींवर राज्यभर बंदी घातली. दुसरा केंद्राचा, म्हणजे २०१६ चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम. राज्याचा कायदा कोणती वस्तू बाजारात आणायचीच नाही हे सांगतो, तर जी आणता येते तिच्या कचऱ्याची जबाबदारी केंद्राचे नियम ती आणणाऱ्यावर टाकतात. या जबाबदारीला विस्तारित उत्पादक जबाबदारी असे नाव आहे. बोलताना सगळे ईपीआर म्हणतात.

हा फरक कागदावरचा नाही. केंद्राच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन किंवा त्याहून जाड प्लास्टिकची पिशवी चालते, पण महाराष्ट्रात दुकानातून ग्राहकाला द्यायच्या पिशवीला जाडीची सवलत नाही. त्यामुळे "आमची ईपीआर नोंदणी आहे" असे सांगून काउंटरवरची पिशवी वाचत नाही. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा २०१८ पासून ठरलेली आहे. मिठाई-फरसाणवाल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळली जाणारी पातळ प्लास्टिक फिल्म केंद्राच्या १ जुलै २०२२ पासूनच्या बंदी यादीत नावानिशी आहे. खोक्यातला माल आणि खोके दोन्ही नियमात बसले, तरी वरच्या त्या फिल्मसाठी नोंदणीचा काही उपयोग होत नाही.

आता नोंदणी कोणाला लागते ते पाहू. १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्लास्टिक पॅकिंग तयार करणारा उत्पादक, पॅकिंग किंवा पॅकिंगसह माल परदेशातून आणणारा आयातदार आणि स्वतःच्या नावाने माल विकणारा ब्रँडमालक अशा तिघांवर ही जबाबदारी आहे. ऑनलाइन विक्रीची व्यासपीठे आणि मोठ्या दुकानांच्या साखळ्या ब्रँडमालकांतच मोडतात. गोळा केलेल्या कचऱ्यापासून दाणे, तेल किंवा अन्य काही तयार करणाऱ्या प्रक्रियाकारांची नोंदणी वेगळी होते आणि ती राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेच होते.

सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालकांना यातून सूट आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत पंचवीस कोटी रुपयांची गुंतवणूक आणि शंभर कोटी रुपयांची उलाढाल अशी आहे, आणि दोन्ही अटी एकत्र पाळल्या जाव्या लागतात. घरगुती मसाले, पापड, लोणची विकणाऱ्या बहुतेक व्यावसायिकांना म्हणूनच या अर्जाची काळजी करण्याचे कारण नाही. त्यांनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग असल्याचा पुरावा म्हणून उद्यम प्रमाणपत्र हाताशी ठेवावे आणि राज्याची बंदी पाळावी. पॅकिंग तयार करणाऱ्या लघु कारखान्याचा प्रश्न वेगळा आहे. २०२४ च्या दुरुस्तीने त्याच्या वाट्याच्या उद्दिष्टाचा, म्हणजे दरवर्षी जितक्या प्लास्टिक कचऱ्याची विल्हेवाट लावायची त्याचा, भार त्याला कच्चा माल पुरवणाऱ्यावर गेला, परंतु कारखाना चालवण्यासाठी लागणाऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची अट होती तशीच आहे.

अर्ज कोणाकडे करायचा हे माल किती राज्यांत विकला जातो यावर ठरते. एक किंवा दोन राज्यांत विक्री असेल तर राज्य मंडळाकडे, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि त्याहून जास्त राज्यांत असेल तर केंद्रीय मंडळाकडे. दोन्ही अर्ज केंद्रीय मंडळाच्या एकाच पोर्टलवर भरले जातात, त्यामुळे चुकीचा पर्याय निवडला गेला तरी ते लगेच लक्षात येत नाही. माल महाराष्ट्रात आणि गोव्यात जातो म्हणून राज्याचा पर्याय निवडला, आणि बेळगावच्या एका वितरकाला दरमहा जाणाऱ्या पेट्या आठवल्याच नाहीत, असे सहज घडते. म्हणून आधी जीएसटीच्या विवरणपत्रांतून राज्यवार विक्री काढावी आणि मगच पोर्टल उघडावे. एकच संस्था ब्रँडमालकही असेल आणि आयातदारही, तर दोन्ही नोंदण्या स्वतंत्र घ्याव्या लागतात. मात्र एका प्रकारात एका राज्यात कितीही कारखाने असले तरी एकच नोंदणी पुरते.

कागदपत्रांची यादी भीतिदायक वाटते, पण त्यातली बहुतेक प्रत्येक चालू व्यवसायाकडे असतातच. संस्थेचे पॅन आणि जीएसटी प्रमाणपत्र, कंपनी असल्यास तिचा नोंदणी क्रमांक, अधिकृत व्यक्तीचे आधार व पॅन, आयातदाराला आयात-निर्यात कोड, आणि स्वतःचा कारखाना असल्यास जल व वायू कायद्यांखालील चालू मुदतीचे संमतीपत्र आणि उत्पादन प्रक्रियेचा आराखडा, एवढी तयारी ठेवावी. नाव आणि पत्ता सगळीकडे अक्षरशः सारखा आहे ना, हे मात्र डोळ्यात तेल घालून पाहावे. जीएसटीवर "प्लॉट नंबर" आणि संमतीपत्रावर "गट नंबर" असेल, तर अर्ज परत येण्यासाठी तेवढे निमित्त पुरते. शुल्क वर्षाकाठी एक हजार टनांखालील प्लास्टिकला दहा हजार रुपये, एक ते दहा हजार टनांना वीस हजार आणि त्यावर पन्नास हजार असे आहे.

खरे कष्ट पुढे आहेत. पोर्टल तुम्हाला किती पाकिटे विकली हे विचारत नाही. गेल्या दोन आर्थिक वर्षांत कोणत्या वर्गातले किती टन प्लास्टिक बाजारात गेले हे विचारते, आणि पुढची सगळी उद्दिष्टे याच आकड्यावर उभी राहतात. बरणी, डबा, बाटली, झाकण असे कडक प्लास्टिक पहिल्या वर्गात येते. पाऊच, पिशवी, फिल्म असे लवचिक प्लास्टिक, मग त्याचे थर एक असोत की अनेक, जोवर सगळे थर प्लास्टिकचेच आहेत तोवर दुसऱ्या वर्गात राहते. त्यात ॲल्युमिनियम फॉइल किंवा कागद यांसारखा प्लास्टिकेतर थर आला की ते तिसऱ्या वर्गात गेले. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचा चौथा वर्ग आहे, आणि तसा दावा करायचा असेल तर केंद्रीय मंडळाचे प्रमाणपत्र आधी हवे.

एक उदाहरण करून पाहू. चिवड्याचे दोनशे ग्रॅमचे पाकीट रिकामे करून, आतला तेलकट चुरा पुसून, सोन्याच्या काट्यावर ठेवले तर समजा चार ग्रॅम भरते. गेल्या वर्षी अशी दीड कोटी पाकिटे गेली, म्हणजे साठ टन; आदल्या वर्षी सव्वा कोटी, म्हणजे पन्नास टन. सरासरी पंचावन्न टन, हा झाला दुसऱ्या वर्गाचा आकडा. झाकणासह चाळीस ग्रॅमची लोणच्याची बरणी दोन्ही वर्षी पाच-पाच लाख गेली असेल, तर पहिल्या वर्गात वीस टन. यावर २०२५-२६ साठी किमान पुनर्चक्रणाचे प्रमाण पहिल्या वर्गाला साठ टक्के आणि दुसऱ्याला चाळीस टक्के आहे, म्हणजे बारा टन बरण्या आणि बावीस टन पाऊच प्रत्यक्षात पुनर्चक्रित झाल्याचा पुरावा हवा. पुनर्चक्रण होऊच शकत नाही असे जे उरते, ते रस्त्याच्या डांबरात, सिमेंटच्या भट्टीत किंवा तेलनिर्मितीत गेल्याचे दाखवता येते.

पाकीट तोलण्याऐवजी छपाईवाल्याच्या बिलावरचे रोलचे वजन धरणेही चालते. माझ्या मते ते जास्त भरवशाचे, कारण त्याला बिलाचा आधार असतो. परंतु तोलून काढलेला आकडा आणि बिलांचा आकडा यांत मोठी तफावत आली, तर आधी तिचे कारण शोधावे. रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीचे वजन बिलात धरले गेलेले असते, हे एक नेहमीचे कारण. खोटी माहिती दिल्याचे आढळल्यास सुनावणी घेऊन नोंदणी एक वर्षापर्यंत रद्द होऊ शकते आणि तेवढ्या काळात नवीन नोंदणीही मिळत नाही. पॅकिंग पुरवणारा स्वतः नोंदलेला आहे का हेही पाहावे लागते, कारण नोंदणी नसलेल्याशी व्यवहार करण्यास नियमांची मनाई आहे.

नोंदणी मिळाली की दरवर्षीचे काम सुरू होते. ठरलेले टन स्वतः गोळा करून भागवता येतात, किंवा नोंदलेल्या प्रक्रियाकाराकडून त्याच वर्गाची ईपीआर प्रमाणपत्रे, म्हणजे तेवढ्या टनांवर प्रक्रिया झाल्याचे दाखले, विकत घेता येतात. दुसऱ्या वर्गाची तूट पहिल्या वर्गाच्या प्रमाणपत्राने भरून निघत नाही. स्वस्त प्रमाणपत्राच्या मोहात पडण्याआधी प्रक्रियाकाराची नोंदणी आणि त्याची क्षमता पोर्टलवर ताडून पाहावी. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत लाखोंच्या संख्येने बनावट प्रमाणपत्रे सापडली होती. मागील आर्थिक वर्षाचे विवरणपत्र ३० जूनपर्यंत भरायचे असते. मुदतवाढ अनेकदा मिळालेली आहे हे खरे, पण तिच्या भरवशावर बसणाऱ्याला प्रमाणपत्रे ऐनवेळी चढ्या भावाने घ्यावी लागतात.

उद्दिष्ट अपुरे राहिले तर पर्यावरण भरपाई भरावी लागते, आणि ती भरली म्हणून जबाबदारी संपत नाही. राहिलेले टन पुढील तीन वर्षांपर्यंत खात्यावर राहतात. ते एका वर्षात पूर्ण केले तर भरपाईतले पंचाहत्तर टक्के परत मिळतात, दोन वर्षांत केले तर साठ आणि तीन वर्षांत केले तर चाळीस.

वर्षाच्या मध्ये छपाईवाला बदलला किंवा पाऊच पातळ केला, तर नव्या रिकाम्या पाकिटाचे वजन त्याच दिवशी तारखेसह नोंदवहीत लिहावे आणि एक नमुना त्या पानालाच टाचून ठेवावा, कारण पुढच्या जूनमध्ये विवरणपत्र भरताना जुना चार ग्रॅमचा आकडा कोणत्या महिन्यापर्यंत धरायचा, हे सांगायला दुसरा कागद नसतो.