आइसलँडची आर्थिक पडझड आणि पर्यटनाच्या बळावरची उभारी

उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या देशाच्या तीन मोठ्या बँका ऑक्टोबर २००८ मध्ये अवघ्या आठवडाभरात बुडाल्या. त्या वेळी देशाची लोकसंख्या सुमारे सव्वातीन लाख, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहराएवढी होती. त्यानंतरच्या दहा वर्षांत हा देश सावरला आणि मासळी व ॲल्युमिनियम यांना मागे टाकून पर्यटन हे तिथले परकीय चलन मिळवणारे सर्वांत मोठे क्षेत्र झाले. सावरण्याचे श्रेय सहसा निसर्गसौंदर्याला किंवा बँकरांना तुरुंगात पाठवणाऱ्या न्यायव्यवस्थेला दिले जाते. या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी कथेचे सूत्र देशाच्या स्वतःच्या चलनात, क्रोनात आहे. क्रोना घसरला म्हणून पाहुणे आले. तो घसरल्याची किंमत मात्र तिथल्या घरोघरच्या कर्जदारांनी मोजली.

पडझड

सरकारी बँकांचे खासगीकरण २००३ पर्यंत पूर्ण झाले. पुढच्या पाच वर्षांत ग्लिटनिर, लँड्सबांकी आणि कौप्थिंग या बँकांनी परदेशातून स्वस्तात कर्जे उचलून परदेशातच कंपन्या, दुकानांच्या साखळ्या आणि मालमत्ता विकत घेतल्या. २००८ पर्यंत या तिघींचा एकत्रित पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ ते दहापट झाला होता. बँका अडचणीत आल्या की मध्यवर्ती बँक पाठीशी उभी राहते, असे ठेवीदार गृहीत धरतात. इथे बँकांची देणी युरो, पौंड आणि डॉलरमध्ये होती आणि मध्यवर्ती बँकेच्या हाती छापायला होता फक्त क्रोना. लीमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी गुंतवणूक बँक बुडाल्यावर जगभर उसनवारी थांबली, तेव्हा हे उघडे पडले.

६ ऑक्टोबर २००८ रोजी पंतप्रधान गीर हार्दे यांनी दूरचित्रवाणीवरून देशाशी संवाद साधला आणि शेवटी ‘देव आइसलँडचे भले करो’ असे म्हटले. तिथल्या लोकांना त्या शब्दांवरूनच परिस्थिती किती बिकट आहे ते कळले. त्याच रात्री संसदेने आणीबाणीचा कायदा मंजूर केला. बुडालेल्या बँकांच्या देण्यांमध्ये ठेवीदारांचा हक्क रोखेधारकांच्या आधी येईल, अशी त्यात तरतूद होती. देशांतर्गत ठेवी आणि कर्जे नव्या बँकांकडे गेली. परदेशी सावकारांचे पैसे जुन्या बँकांच्या अवशेषांत अडकून राहिले. बँका वाचवण्यासाठी सरकारने स्वतःला गहाण टाकले नाही. त्या काळच्या युरोपात हा निर्णय सर्वांत वेगळा होता, आणि खरे तर त्याला दुसरा पर्यायही नव्हता, कारण एवढे मोठे ओझे उचलण्याची या सरकारची ऐपतच नव्हती.

लँड्सबांकीने ‘आइससेव्ह’ नावाने ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये इंटरनेटवरून ठेवी गोळा केल्या होत्या. ब्रिटनने ८ ऑक्टोबरला दहशतवादविरोधी कायद्यातले अधिकार वापरून लँड्सबांकीची तिथली मालमत्ता गोठवली, हे आइसलँडच्या लोकांना फार लागले. दोन्ही देशांनी आपापल्या ठेवीदारांना पैसे दिले आणि ते आइसलँडकडे मागितले. परतफेडीच्या करारावर दोनदा सार्वमत झाले. मार्च २०१० मध्ये सुमारे ९३ टक्के आणि एप्रिल २०११ मध्ये जवळपास ६० टक्के मतदारांनी नकार दिला. जानेवारी २०१३ मध्ये एफ्टा या आइसलँड, नॉर्वे आदी देशांच्या व्यापारगटाच्या न्यायालयाने आइसलँडच्या बाजूने निकाल दिला. पुढे जुन्या बँकेच्या मालमत्तेच्या विक्रीतून ठेवींची रक्कम पूर्ण फेडली गेली.

धोरण

नोव्हेंबर २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २१० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. नॉर्डिक देशांबरोबर पोलंड आणि इवल्याशा फॅरो बेटांनीही मदत केली. कडक काटकसरीवर नाणेनिधीचा नेहमी भर असतो, पण इथे पहिल्या वर्षी खर्चकपात पुढे ढकलू दिली गेली आणि भांडवल देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घालण्यास निधीने संमती दिली. हे निर्बंध थोड्या काळासाठी म्हणून आले आणि मार्च २०१७ पर्यंत राहिले. सुट्टीवर परदेशी निघालेल्या माणसाला बँकेच्या खिडकीपाशी विमानाचे तिकीट दाखवून ठरावीक मर्यादेतच परकीय चलन घ्यावे लागे. परवान्यांच्या काळातला भारत आठवणाऱ्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल.

क्रोनाची किंमत वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली. महागाई जानेवारी २००९ मध्ये १८ टक्क्यांच्या वर गेली. मध्यवर्ती बँकेने व्याजदर १८ टक्क्यांवर नेला होता आणि दोन टक्क्यांच्या आसपास असलेली बेरोजगारी नऊ टक्क्यांकडे सरकली. संसदेसमोर भांडी बडवत जमलेल्या लोकांच्या दबावाने जानेवारी २००९ मध्ये सरकार पडले आणि योहाना सिगुर्दारदोत्तिर पंतप्रधान झाल्या.

सामान्य कुटुंबाला सर्वांत जास्त पिळले ते गृहकर्जाने. आइसलँडमध्ये बहुतेक गृहकर्जे महागाई निर्देशांकाला जोडलेली असत, म्हणजे महागाई वाढली की मुद्दलच वाढे. समजा, एखाद्याच्या डोक्यावर अडीच कोटी क्रोनाचे कर्ज आहे आणि वर्षात महागाई १५ टक्के झाली. हप्ता एकदाही न चुकवता वर्षअखेरीस त्याचे मुद्दल पावणेतीन कोटींच्या पुढे गेलेले दिसे, आणि घराची किंमत मात्र उतरलेली असे. ज्यांनी येन किंवा स्विस फ्रँकशी जोडलेली कर्जे घेतली होती, त्यांचे मुद्दल क्रोना पडताच दुपटीच्या घरात गेले. चलनाशी जोडलेली ही कर्जे बेकायदेशीर असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून २०१० मध्ये दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस, घराच्या किमतीच्या ११० टक्क्यांवरचे कर्ज माफ करण्याचा मार्ग सरकार आणि बँका यांच्यात ठरला. चलन पडू दिल्यामुळे देश वाचला असे म्हणताना ही बाजू सांगायलाच हवी. अवमूल्यन हीदेखील पगारकपातच असते, फक्त ती पगारपत्रकात दिसत नाही.

व्यापार

आयात महागली आणि निर्यात फायद्याची झाली. जर्मनीतून मांस, चीज आणि भाज्या मागवणाऱ्या मॅकडोनाल्ड्सच्या देशातल्या तिन्ही शाखा ऑक्टोबर २००९ अखेर बंद झाल्या. त्याच जागी स्थानिक माल वापरणारी नव्या नावाची उपाहारगृहे सुरू झाली. निर्यातीत कॉड मासा हा जुना आधार होता. १९७५ मध्ये जाहीर केलेली २०० सागरी मैलांची हद्द आणि १९८४ पासूनची मासेमारीच्या वाट्यांची, म्हणजे कोणी किती मासे पकडायचे ते ठरवून देणारी पद्धत यांमुळे साठा टिकून होता. २००८ नंतर मॅकरेल माशांचे थवे मोठ्या संख्येने आइसलँडच्या पाण्यात आले, आणि किती मासे पकडायचे यावरून युरोपीय संघाशी वादही झाला. ॲल्युमिनियमचे तीन कारखाने जलविद्युत आणि भूऔष्णिक विजेवर चालतात. त्यांचे उत्पादन वाढले, तरी त्यातून रोजगार थोडाच मिळतो. जुलै २००९ मध्ये युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठी केलेला अर्ज पुढच्या सरकारने थांबवला आणि २०१५ मध्ये प्रक्रियेतून अंग काढून घेतले. मासेमारीच्या हद्दीवरचा ताबा सोडायची तयारी नसणे, हे त्यामागचे मोठे कारण होते.

पर्यटन

१४ एप्रिल २०१० रोजी एयाफ्यात्लायोकुत्ल या हिमनदीखालच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. राखेमुळे युरोपचे आकाश सुमारे सहा दिवस बंद राहिले आणि एक लाखाच्या आसपास उड्डाणे रद्द झाली. आता कोणी इकडे फिरकणार नाही, या धास्तीने सरकार आणि पर्यटन व्यावसायिकांनी मिळून ‘इन्स्पायर्ड बाय आइसलँड’ ही प्रचारमोहीम सुरू केली आणि नागरिकांनाच आपल्या देशाचे अनुभव जगाला सांगायला लावले. उद्रेकाच्या बातम्यांतून काळ्या वाळूचे किनारे, धबधबे आणि हिमनद्या आधीच घरोघर पोहोचल्या होत्या. तरीही जाहिरातीपेक्षा उतरलेल्या भावाचा वाटा मोठा होता. पूर्वी हॉटेलचा दर ऐकूनच मागे फिरणाऱ्या पर्यटकाला हा देश आता परवडू लागला. अमेरिका आणि युरोप यांच्यामध्ये विमान बदलताना काही दिवस मुक्काम करण्याची आइसलँडएअरची जुनी सोय आणि २०११ मध्ये स्थापन झालेली ‘वाव एअर’ ही स्वस्त विमानकंपनी यांनी बाकीचे काम केले.

२०१० मध्ये सुमारे ४ लाख ९० हजार परदेशी पाहुणे आले होते. २०१८ मध्ये ही संख्या २३ लाखांवर गेली. उत्तरध्रुवीय प्रकाश पाहायला लोक हिवाळ्यातही येऊ लागल्याने व्यवसाय तीन महिन्यांपुरता राहिला नाही. चित्रीकरणाच्या खर्चाचा काही भाग परत देण्याच्या सरकारी योजनेचाही उपयोग झाला. २०१५ मधल्या एका हिंदी चित्रपटाचे गाणे तिथल्या किनाऱ्यांवर आणि धबधब्यांपाशी चित्रित झाले, आणि भारतीय प्रेक्षकांपैकी अनेकांनी हा देश प्रथम तिथेच पाहिला.

या गर्दीसाठी देश तयार नव्हता. बेटाला वळसा घालणाऱ्या मुख्य रस्त्यावर कित्येक ठिकाणी एकाच गाडीपुरते पूल आहेत. समोरून गाडी येत असेल तर अलीकडे थांबायचे, हा साधा शिरस्ता स्थानिक चालकाच्या अंगवळणी पडलेला असतो. भाड्याच्या गाडीतून आलेल्या पाहुण्याला तो माहीत नसतो, आणि अशा पुलांवर अपघात होऊ लागले. राजधानी रेक्याविकच्या लौगावेगुर या मुख्य रस्त्यावर पफिन पक्ष्याच्या बाहुल्या आणि चुंबके विकणारी दुकाने इतकी वाढली की त्यांच्यासाठी ‘लुंदाबूद’, म्हणजे पफिनचे दुकान, असा नाराजीचा शब्दच रूढ झाला. घरे पर्यटकांना भाड्याने देणे जास्त किफायतशीर ठरल्यामुळे रहिवाशांना घरे मिळेनात. २०१७ पासून आपले घर वर्षातून जास्तीत जास्त ९० दिवसच असे देता येईल, असा नियम लागू झाला. फ्याद्रारग्ल्युफुर ही अरुंद घळ एका लोकप्रिय गायकाच्या व्हिडिओत दिसल्यानंतर तिथे इतकी वर्दळ झाली की पायवाटेलगतचे शेवाळ तुडवले जाऊन चिखल झाला. २०१९ मध्ये ती काही महिने बंद ठेवावी लागली. थंड प्रदेशातले हे शेवाळ पुन्हा वाढायला कित्येक वर्षे घेते. हॉटेले आणि बांधकामे यांसाठी पोलंड आणि इतर देशांतून कामगार आले. त्यांच्याविना ही तेजी शक्यच नव्हती.

पर्यटकांनी आणलेल्या डॉलर-युरोंमुळे क्रोना पुन्हा वधारला आणि २०१७ मध्ये आइसलँड पुन्हा महागड्या देशांत गणला जाऊ लागला. मुक्काम आखडते झाले आणि वाढीचा वेग मंदावला. २८ मार्च २०१९ रोजी वाव एअर बंद पडली आणि त्या वर्षी पाहुण्यांची संख्या २० लाखांपर्यंत घसरली. २०२० मध्ये कोविडमुळे ती पाच लाखांखाली, म्हणजे दशकापूर्वीच्या पातळीवर आली. मात्र या खेपेस बँका शाबूत होत्या आणि मध्यवर्ती बँकेकडे परकीय चलनाची मोठी गंगाजळी होती, जी मुख्यतः पर्यटनाच्या तेजीतच साठली होती.

ग्रीसशी तुलना

ग्रीसलाही २०१० पासून मदतीची कर्जे घ्यावी लागली आणि त्याचाही मोठा आधार पर्यटन हाच होता. पण चलन युरो असल्यामुळे त्याला अवमूल्यन करता आले नाही. भाव खाली आणायचे तर पगार आणि निवृत्तिवेतनच कापावे लागले. देशाचे उत्पन्न सुमारे एक-चतुर्थांशाने आक्रसले आणि २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. तरीही ग्रीसने आइसलँडचा कित्ता गिरवायला हवा होता, असा सरळ निष्कर्ष काढणे योग्य नाही. आइसलँडकडे स्वतःचे चलन होते आणि मासळी, स्वस्त वीज ही तयार निर्यात होती. शिवाय बुडालेले पैसे मुख्यतः परदेशी खासगी सावकारांचे होते, तर ग्रीसमध्ये कर्ज खुद्द सरकारच्याच डोक्यावर होते.